एमबीएला जाण्याआधीचे मोकळे महिने: राजीनाम्यापासून पहिल्या तासापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश मिळाला की आठवडाभर अभिनंदनाचे फोन चालतात आणि मग प्रश्न सुरू होतात. राजीनामा कधी देऊ? बॉसला आत्ताच सांगू का? दोन-तीन महिने मोकळे मिळाले तर त्यांचं काय करू? अकाउंटिंगचा गंध नाही, कुठून सुरुवात करू? दरवर्षी नव्याने प्रवेश घेतलेल्या बऱ्याच जणांशी माझं बोलणं होतं आणि प्रश्न साधारण हेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: अभ्यासक्रम आगाऊ उरकून टाकण्यासाठी हे महिने नाहीत. नोकरी नीट सोडावी, थकवा उतरवावा आणि आपल्याला पुढे काय हवंय ते स्वतःशी पक्कं करावं, यासाठी ते आहेत. तिसरी गोष्ट बहुतेक जण राहू देतात आणि कॉलेज सुरू झाल्यावर तीच सगळ्यात महाग पडते.

नोकरी नेमकी कधी सोडावी?

तारीख उलटी मोजत या. समजा वर्ग १ सप्टेंबरला सुरू होणार आहेत. ओरिएंटेशन त्याच्या एक-दोन आठवडे आधी असतं. नव्या शहरात घर शोधणं, बँकेचं खातं, फोन, सामान लावणं यात किमान दहा-बारा दिवस जातात. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही तिथे हवेत. त्याआधी सहा ते आठ आठवडे पूर्ण मोकळे धरा. आठ आठवडे धरले तर कामाचा शेवटचा दिवस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आला. आता त्यातून नोटिस पिरियड वजा करा. एक महिन्याची नोटिस असेल तर राजीनामा मेच्या सुरुवातीला, तीन महिन्यांची असेल तर मार्चच्या सुरुवातीला द्यावा लागतो.

तीन महिन्यांच्या नोटिसवाल्यांची अडचण इथेच होते. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या बी-स्कूल्सचे दुसऱ्या फेरीचे निकाल मार्चच्या मध्यापासून अखेरीपर्यंत लागतात. त्या दिवशी राजीनामा दिला तरी सुटका जूनअखेर होते. डिसेंबरमध्ये पहिल्या फेरीत प्रवेश मिळाला असेल तर हा ताण येत नाही. नोटिस कमी करून मिळेल का, हे विचारायला लाजू नका. पण विचारताना हँडओव्हरचा आराखडा हातात असू द्या. नुसती विनंती केली तर नकार मिळतो. काम कुणाकडे, कधीपर्यंत आणि कसं सोपवणार हे कागदावर दाखवलं की बोलणी पुढे सरकतात.

सहा ते आठ आठवडे हा आकडा मी विचारपूर्वक सांगते आहे. चारपेक्षा कमी मिळाले तर ते सामान बांधण्यात आणि कागदपत्रांत संपतात. तीन महिन्यांच्या वर गेले तर दिवसाला आकार राहत नाही आणि बऱ्याच जणांना अस्वस्थ वाटू लागतं.

आणखी दोन महिने काम केलं तर दोन पगार वाचतील. मग आधी का सोडू?

हिशेब मांडून बघा. दोन वर्षांच्या एमबीएत साधारण २१ महिने नियमित पगार बंद असतो. त्यातले अडीच महिने मधल्या इंटर्नशिपचे, तेव्हा थोडं उत्पन्न होतं. त्या २१ मध्ये आणखी दोन मिळवले तर न मिळालेला पगार सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. कुणाला हे दहा टक्के परवडतात, कुणाला नाही. घराची जबाबदारी अंगावर असेल, कर्ज घेऊन शिकायला जात असाल, तर उशिरापर्यंत काम करणं अगदी योग्य आहे आणि त्याची खंत बाळगू नका. पण थोडी बचत गाठीशी असूनही निव्वळ “वाया जायला नको” म्हणून शेवटच्या शुक्रवारपर्यंत काम करून रविवारी विमानात बसणार असाल, तर पुन्हा विचार करा. हा पैसा पुढे भरून निघतो. अशी सलग मोकळीक मात्र नोकरदार माणसाच्या वाट्याला क्वचित येते.

राजीनामा देण्याआधी हातात काय काय हवं?

प्रवेशाचं पत्र लेखी, जागा राखून ठेवण्यासाठी भरलेल्या रकमेची पावती, आणि फीची सोय. सोय म्हणजे कर्ज मंजूर झाल्याचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र किंवा खात्यातली रक्कम. “होऊन जाईल” ही सोय नव्हे. प्रतीक्षा यादीत असाल तर राजीनामा देऊच नका.

प्रवेशाच्या पत्रातल्या अटीही शांतपणे वाचा. अनेक बी-स्कूल्स प्रवेशानंतर अर्जातल्या माहितीची पडताळणी करून घेतात. आधीच्या कंपन्यांना पदनाम, तारखा, कधी पगारही विचारला जातो. अर्जात लिहिलेल्या तारखा आणि एचआरच्या नोंदी जुळताहेत ना, हे नोकरीत असतानाच बघून घ्या. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदी दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं.

परदेशात जाणार असाल तर व्हिसाचं काय? शक्य असेल तर अर्ज लवकर करून व्हिसा हातात आल्यावरच राजीनामा द्या. नोटिस लांब असेल आणि ते जमत नसेल तर कॉलेजला आधी विचारून ठेवा: व्हिसा लांबला तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का? उत्तर मेलवर घ्या, फोनवर नको.

बॉसला कसं सांगावं?

समोरासमोर, थोडक्यात, आणि इतर कुणाकडून कानावर जाण्याआधी. शिफारसपत्र त्यांनीच दिलं असेल तर निकाल लागल्या लागल्या कळवणं हा साधा शिष्टाचार आहे. त्यांना काही माहीत नसेल तर दहा मिनिटांचा वेळ मागा आणि पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर या: “मला अमुक ठिकाणी एमबीएला प्रवेश मिळाला आहे आणि मी जायचं ठरवलं आहे.” ठरवलं आहे, विचार करतोय नाही. विचार करतोय म्हटलं की समोरचा माणूस मन वळवायला लागतो. मग पगारवाढ, बढती, वर्षभर थांबण्याची गळ, या सगळ्यांतून दोघांनाही जावं लागतं.

कारणं सांगताना कंपनीच्या तक्रारी काढू नका. त्या खऱ्या असल्या तरी नकोत. तुम्ही शिकायला निघाला आहात, तेवढं कारण पुरेसं आहे. आणि आभार मानायचे तर मोघम नको. तुम्हाला त्यांनी नेमकं काय शिकवलं, कोणत्या वेळी पाठीशी उभे राहिले, ते सांगा. माणसं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

सांगितल्याबरोबर लॅपटॉप काढून घेतला तर?

काही क्षेत्रांत असं होतं, विशेषतः ग्राहकांची गोपनीय माहिती हाताळणाऱ्या कामात. म्हणून सांगायला जाण्याआधी स्वतःची कागदपत्रं स्वतःकडे आहेत ना ते बघा: पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, बढतीची पत्रं, कराची कागदपत्रं. कंपनीच्या फायली, ग्राहकांच्या याद्या, मॉडेल्स यांना हात लावायचा नाही. “नमुना म्हणून” घेतलेली एक एक्सेल फाइलही पुढे अंगाशी येऊ शकते. आपण काय काम केलं याच्या आठवणी मात्र आपल्याच असतात. त्या घरच्या वहीत लिहून काढा: कोणता प्रकल्प, अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं, कशात काय फरक पडला. सहा महिन्यांनी मुलाखतीत हेच विचारतात आणि तोवर निम्मं विसरायला झालेलं असतं.

हँडओव्हर किती मनापासून करायचा? मी तर चाललोच आहे.

पूर्ण मनापासून. या एका प्रश्नावर मी कुणालाही सूट देत नाही.

बहुतेक हँडओव्हर नोट्समध्ये कामांची यादी असते: हा रिपोर्ट, तो क्लायंट, ती साप्ताहिक मीटिंग. ही यादी तुमच्याशिवायही कुणीतरी बनवू शकतं. लिहायचं असतं ते तुमच्या डोक्यात असलेलं आणि कुठेच नोंद नसलेलं. उदाहरणार्थ, महिन्याचा रिपोर्ट सिस्टिममधून काढला की एका विभागाचा आकडा दुप्पट दिसतो, कारण तो दोन कोडखाली नोंदला जातो, आणि पाठवण्याआधी तो हाताने दुरुस्त करावा लागतो. किंवा एका ग्राहकाकडे मेल पाठवून काही होत नाही, दुपारी तीननंतर फोन केला तर पाच मिनिटांत काम होतं. किंवा गेल्या वर्षी एक बदल करून पाहिला होता, तो का सोडून दिला. तुमच्या जागी येणारा माणूस याच ठिकाणी अडणार आहे.

पद्धतही सांगते. पहिल्या आठवड्यात नोट लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून काम नव्या माणसाला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. तो जिथे थांबतो तिथे नोट अपुरी आहे असं समजून लगेच दुरुस्त करा. शेवटच्या आठवड्यात तुम्ही फक्त प्रश्नांना उत्तरं द्यायची, कामाला हात लावायचा नाही. नवा माणूस नेमलेलाच नसेल तर मॅनेजरला शेजारी बसवा.

यामागे माझा स्वार्थाचा मुद्दाही आहे. एमबीएनंतर पहिल्याच नोकरीच्या वेळी पुन्हा याच लोकांकडे तुमची चौकशी होते. तेव्हा तुमची तीन-चार वर्षांची मेहनत धूसर झालेली असते, शेवटचा महिना मात्र स्पष्ट आठवतो.

बोनस, शेअर, विमा यांचं काय?

करार काढून वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका. बोनस बऱ्याच ठिकाणी तो देण्याच्या दिवशी तुम्ही कंपनीत असाल तरच मिळतो, आणि काही ठिकाणी त्या दिवशी तुम्ही नोटिसवर असलात तरी मिळत नाही. दोन आठवड्यांच्या फरकाने वर्षभराचा बोनस गेलेला मी पाहिला आहे. कंपनीने शेअर ऑप्शन (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) दिले असतील तर आजवर किती तुमच्या नावे पक्के झाले आणि सोडल्यानंतर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतात, हे बघा. बऱ्याच करारांत ही मुदत ९० दिवसांची असते आणि फी भरण्याच्या धामधुमीत ती निघून जाते. उरलेल्या रजेचे पैसे मिळतात का, की रजा घेऊन टाकणं बरं, तेही विचारा.

विम्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कंपनीचा आरोग्य विमा अनेकदा शेवटच्या दिवशीच संपतो आणि कॉलेजचा सुरू व्हायला दोन महिने असतात. नेमके याच दोन महिन्यांत लोक डोंगर चढायला जातात. मधल्या काळासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या. दात, डोळे, रक्त तपासणी ही कामं कंपनीचा विमा चालू असतानाच उरका.

कंपनी म्हणते, फी आम्ही भरतो, परत या. स्वीकारू का?

तुम्हाला खरोखर परत जायचं असेल तर याहून चांगलं काही नाही. सल्लागार कंपन्यांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. परतल्यावर साधारण दोन वर्षं तिथे काम करायचं, आधी सोडलं तर रक्कम फेडायची, असा करार असतो. पण तुम्ही एमबीए क्षेत्र बदलण्यासाठी करत असाल तर या पैशाने तुमचे हात बांधले जातात. घाईने सही करू नका. फेडायची रक्कम महिन्यागणिक कमी होते की शेवटपर्यंत पूर्ण राहते, हे कलम आधी वाचा.

नोकरी सुटल्यावर पहिले काही दिवस फार विचित्र वाटतंय. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि जवळजवळ सगळ्यांचं तसंच होतं. पहिले तीन-चार दिवस सुटीसारखे जातात. मग एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता फोन हातात घेता आणि एकही मेल नसतो. कुणालाच तुमच्याकडून काही नको असतं. “तुम्ही काय करता?” असं कुणी विचारलं तर उत्तर अडखळतं. इतकी वर्षं पदनाम सांगून काम भागत होतं, ते आता नाही.

लोक हा रिकामपणा ताबडतोब भरायला धावतात. चार ऑनलाइन कोर्स, दोन भाषा, पहाटेचं वेळापत्रक. कृपा करून असं करू नका. निदान दहा दिवस काहीही ठरवू नका. झोप पूर्ण होऊ द्या. वर्षानुवर्षं साचलेला थकवा एका शनिवार-रविवारात उतरत नाही. काम थांबल्यावर काही जण आजारीही पडतात. त्यातून उठल्यावर भूक, चालणं, वाचणं आपोआप जागेवर येतं.

त्यानंतर मात्र दिवसाला एक-दोन खुंट्या हव्यात. ठरलेल्या वेळी उठणं आणि रोज शरीराला घाम येईल असं काहीतरी. एवढं पुरतं. व्यायामाची सवय आत्ताच लावून घ्या, कारण कॉलेजच्या पहिल्या सत्रात नवी सवय लावायला जागा नसते, असलेली टिकवता येते.

अभ्यास किती करायचा? मी कॉमर्सचा नाही, गणिताची भीती वाटते.

रोज तास-दीड तास, चार आठवडे. त्याहून जास्त नको. पण जे कराल ते नेमकं करा. तीन गोष्टी पुरेत: अकाउंटिंगचा पाया, पैशाचं कालमूल्य आणि एक्सेल. ज्यांना आकडेवारीची धास्ती आहे त्यांनी सरासरी, प्रमाण विचलन आणि नॉर्मल वितरण एवढं बघून ठेवावं.

अकाउंटिंग सगळ्यात आधी, कारण पहिल्या सत्रात ते सगळीकडे डोकावतं. दुहेरी नोंदीची पद्धत इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे: प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात आणि त्या जुळल्याच पाहिजेत. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक छोटा व्यवहार हातात घ्या. एका कंपनीने पहिल्या महिन्यात ६० रोख देऊन माल घेतला आणि तो सगळा १०० ला उधारीवर विकला. पैसे पुढच्या महिन्यात येणार. नफा किती? ४०. रोख किती आली? काहीच नाही, उलट ६० गेली. नफा-तोटा पत्रक ४० दाखवतंय, रोख प्रवाह पत्रक उणे ६०. मग ते १०० आहेत कुठे? ताळेबंदात, येणे बाकी म्हणून. तीन पत्रकं एकमेकांत कशी गुंतलेली असतात हे या एका उदाहरणात कळतं. आता त्यात एकेक भर घाला: यंत्र घेतलं, कर्ज काढलं, घसारा लावला. प्रत्येक वेळी तिन्ही पत्रकं हाताने मांडा, कागदावर. आठवडाभर हे केलंत तर वर्गातल्या निम्म्या लोकांच्या पुढे असाल.

कालमूल्याची गोष्ट त्याहून सोपी आहे. व्याजदर १० टक्के असेल तर पुढच्या वर्षी मिळणारे ११० आज १०० च्या मोलाचे. एवढ्यावर फायनान्सची पहिली पायरी उभी आहे. पैसा किती वर्षांत दुप्पट होतो हे बघायला ७२ ला दराने भागायचं: ८ टक्क्यांनी सुमारे ९ वर्षं, १२ टक्क्यांनी ६. हेच गणित स्वतःच्या शैक्षणिक कर्जाला लावून बघा, लगेच रस वाटू लागेल.

एक्सेल माउसशिवाय चालवायला शिका. पिव्होट टेबल, लुकअप, आणि सूत्रातला सेलचा पत्ता कधी स्थिर ठेवायचा आणि कधी नाही, इतकं सराईतपणे आलं पाहिजे.

अनेक कॉलेजं वर्ग सुरू होण्याआधी गणिताचं छोटं शिबिर घेतात किंवा ऑनलाइन धडे देतात. ते असतील तर आधी तेच करा, बाकीचं नंतर.

केस स्टडी आधीपासून वाचायला सुरुवात करू का?

नको. केस म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या प्रसंगाचं, वर्गात चर्चेसाठी दिलेलं टिपण. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं, केस पद्धतीसाठी ते ओळखलं जातं आणि तिथले विद्यार्थी दोन वर्षांत सुमारे ५०० केसेस वाचतात. तुमच्या वाट्याला भरपूर येणार आहेत. एकट्याने वाचून त्यातून फारसं मिळतही नाही, खरं शिकणं वर्गातल्या चर्चेत होतं. त्याऐवजी चांगली, लांब पल्ल्याची पुस्तकं वाचा: इतिहास, चरित्रं, कादंबऱ्या. पुढची दोन वर्षं वाचन तुकड्यातुकड्यांचं होणार आहे.

एमबीएआधी छोटी इंटर्नशिप करावी का?

क्षेत्र पूर्णपणे बदलायचं असेल आणि तीन-चार आठवड्यांची खरी कामाची संधी मिळत असेल, तर हो. इंजिनिअरिंगमधून गुंतवणूक क्षेत्रात किंवा सरकारी कामातून स्टार्टअपमध्ये जाणाऱ्याला यातून दोन गोष्टी मिळतात. सीव्हीवर एक ओळ येते आणि हे काम आपल्याला रोज करायला आवडेल का, हे कळतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे. कुणाचं तरी मन राखायला किंवा सगळे करताहेत म्हणून मात्र करू नका. आणि परदेशात जाऊन करणार असाल तर व्हिसा काय परवानगी देतो ते आधी बघा. विद्यार्थी व्हिसावर कोर्सआधी काम करता येईल असं गृहीत धरू नका.

काही संस्था या काळात मार्गदर्शनाचे कार्यक्रमही घेतात. व्यवस्थापन शिक्षणात स्त्रियांना पुढे आणण्यासाठी काम करणारी फोर्टे ही त्यातली एक. निवड झाली असेल तर जरूर जा. वर्ग सुरू होण्याआधीच वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मैत्रिणी मिळतात.

पुढे नक्की काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. कॉलेजमध्ये गेल्यावर ठरवेन, चालेल ना?

ही समजूत मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. प्रवेशाच्या निबंधात आपण एक ध्येय लिहिलेलं असतं. ते थोडं खरं, थोडं समितीला पटेल असं बेतलेलं असतं. मग वाटतं, दोन वर्षं आहेत, शोधू निवांत. पण अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कोर्समध्ये कंपन्यांची सादरीकरणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू होतात, अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास जातात आणि सल्लागार कंपन्या नि बँकांच्या इंटर्नशिपच्या मुलाखती जानेवारीच्या आसपास होतात. म्हणजे पहिलं सत्र संपायच्या आत कुठल्या रांगेत उभं राहायचं हे ठरवावं लागतं. त्या वेळी आजूबाजूचे शंभर जण एकाच दिशेने निघालेले असतात. ज्याचं स्वतःचं काही ठरलेलं नाही तो त्यांच्याबरोबर जातो. ते क्षेत्र वाईट असतं असं नाही. पण आपण ते निवडलं होतं का, हा प्रश्न मग नोकरी लागल्यावर पडतो.

म्हणून या मोकळ्या आठवड्यांतले काही तास यासाठी काढा. मागच्या नोकरीतले दिवस आठवून दोन रकाने करा: काय करताना वेळेचं भान राहिलं नाही, आणि काय करायला लागायचं म्हणून रविवारी संध्याकाळीच जड वाटायचं. पदनामं लिहू नका, कृती लिहा. “मार्केटिंग” असं लिहून काही कळत नाही. “ग्राहकांशी बोलून ते का सोडून गेले हे शोधणं” असं लिहिलं की कळतं. कदाचित तुम्हाला आकड्यांत डोकं घालायला आवडतं पण ते लोकांसमोर मांडायला नाही, किंवा नेमकं उलट.

मग तुमच्या मनात असलेल्या दोन-तीन क्षेत्रांतल्या चार-पाच माणसांशी बोला, शक्यतो तुमच्याच कॉलेजातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांशी. आत्ता तुम्ही नोकरी मागत नाही आहात, त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात. “तुमचं काम कसं आहे?” असं विचारू नका. “काल दिवसभर काय केलंत?” असं विचारा. उत्तरात खरं काम दिसतं.

शेवटी एका पानावर लिहा: मला काय हवंय, काय मुळीच नको, आणि कशासाठी मी बेत बदलायला तयार आहे. बेत बदलला तर बदलू द्या. निदान आपण बदललो हे तुम्हाला माहीत असेल.

एक वर्षाच्या कोर्सला जातोय. माझ्यासाठी यातलं काय वेगळं?

वरचं उत्तर तुमच्यासाठी दुप्पट लागू. फ्रान्समधल्या इन्सियाड या बी-स्कूलसारख्या ठिकाणी एमबीए दहा महिन्यांत संपतं, प्रवेश जानेवारी आणि ऑगस्टअखेर अशा दोन वेळी होतात आणि मधली सुटी इंटर्नशिपला पुरेल इतकी फक्त जानेवारीवाल्यांना मिळते. ऑगस्टवाल्यांना थेट पूर्णवेळ नोकरीच्याच मागे लागायचं असतं. तुम्ही सीव्ही आधीच तयार ठेवा, एका पानाचा, आणि अकाउंटिंगला आणखी एक आठवडा द्या.

प्रवास करायलाच हवा का? ग्रुपवर सगळे कुठे कुठे फिरताहेत.

नाही. नव्या वर्गाचा ग्रुप तयार झाला की फोटोंचा पूर येतो आणि घरी बसलेल्याला आपण काहीतरी गमावतोय असं वाटू लागतं. फोटो न टाकणारे बरेच असतात, ते दिसत नाहीत एवढंच. प्रवासाची खरी ओढ असेल तर जा, आणि एकाच ठिकाणी जास्त दिवस राहा. दर दोन दिवसांनी बॅग भरणं म्हणजे विश्रांती नव्हे. भावी वर्गमित्रांबरोबरची सहल छान असते, पण ती लोकं तुम्हाला पुढे रोज भेटणार आहेत. जे भेटणार नाहीत त्यांच्यासाठी हे दिवस आधी ठेवा.

आणि प्रवासासाठी कर्जाच्या रकमेला हात लावू नका.

आईवडील आणि जोडीदाराला कसा वेळ द्यायचा?

आईवडिलांसाठी वेगळं काही आखायची गरज नसते. त्यांच्या रोजच्या दिवसात राहा, त्यांच्या वेळेला जेवा, त्यांची रेंगाळलेली कामं करून द्या. बँकेची, दवाखान्याची, फोनची जी कामं तुम्ही सांभाळत होतात ती आता कोण बघणार, हे ठरवून आणि शिकवून जा. कागद कुठे ठेवलेत हे दोघांनाही माहीत असू द्या.

जोडीदाराशी मात्र स्पष्ट बोलणं व्हायला हवं आणि ते निघण्याच्या बरंच आधी. बरोबर येणार असेल तर तिथे काम करता येईल का, दिवस कसा जाईल, पैशाचा निर्णय कोण घेणार? मागे राहणार असेल तर भेटी कधी आणि त्याचा खर्च बजेटमध्ये धरलाय का? पहिल्या सत्रात तुम्ही रात्री उशिरापर्यंत बाहेर असाल, हे आत्ताच सांगा. आधी माहीत असलेली गोष्ट सोसायला सोपी जाते.

निघण्याआधी पैशाची कोणती व्यवस्था लावावी?

पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चाची रोकड वेगळी काढा. घराची अनामत, पहिलं भाडं, पुस्तकं, लॅपटॉप असा सगळा खर्च सुरुवातीलाच एकदम येतो आणि बँकेकडून मिळालेला कर्जाचा हप्ता कॉलेजच्या खात्यात गेलेला असतो, तुमच्या नाही. छोटी कर्जं आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी पगार चालू असतानाच मिटवा. शिकत असताना व्याज भरायचं की ते मुद्दलात जमा होतं, हे बँकेला विचारा. जमा होत असेल आणि तुम्हाला थोडं थोडं भरणं जमत असेल तर भरत राहा.

लवकर जाऊन तिथे स्थिरावलं तर बरं ना?

व्हिसाने परवानगी दिली तर. अमेरिकेच्या एफ-१ विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांहून लवकर देशात येता येत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून मोठ्या कोर्ससाठी एक महिना आधीपर्यंत जाता येतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःच्या खात्यातला पैसा दाखवायचा असेल तर ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, त्यामुळे पैसे इकडेतिकडे हलवताना तारखा सांभाळा. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे नियम सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या, ते बदलत असतात.

कॉलेजने पाठवलेलं पूर्ववाचन कधी करू?

शेवटच्या दोन आठवड्यांत. आधी केलंत तर विसराल, आणि विमानात वाचेन म्हटलंत तर वाचणार नाही.